बिस्मिल्ला आणि करवंट्या

वस्तीतल्या मुस्लिम आया बालवाडीत यायच्या आणि विचारायच्या, "ताई, दीनचं पण शिकवाल ना?" मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, मला तो प्रश्न मागासलेला वाटायचा. आमची बालवाडी रोज हात जोडून प्रार्थनेनं सुरू व्हायची, तो मात्र धर्म वाटत नव्हता! पोरं गेली मदरशात, सबक पाठ करायला.

मग केनियातल्या मोंबासाबद्दल वाचलं. तिथल्या आईबापांनाही दीन आणि शाळेची तयारी दोन्ही हवं होतं. आगाखान फाउंडेशनच्या मदतीनं १९८६ साली तिथं काम सुरू झालं. स्वाफिया सैद या शिक्षिकेनं ते उभं केलं, पुढे ते झांझिबार आणि युगांडातही गेलं. मूल खेळ स्वतः निवडतं, खेळतं, मग काय केलं ते सांगतं. साधनं म्हणजे करवंट्या, बिया, बाटल्यांची बुचं. (आपल्या ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी कोसबाडला दुसरं काय केलं?) खाण्याआधी हात धुवायचे, बिस्मिल्ला म्हणायचं, वाटून खायचं. धर्म असा रोजच्या दिनक्रमातच विणलेला.

आणि शिकवणाऱ्या कोण? वस्तीतल्याच बाया, प्रशिक्षण घेतलेल्या. लहानग्यांना दीन समजावण्याचा मान त्यांच्याकडे आला. मला हे फार मोठं वाटतं.

प्रश्न उरतातच. भातुकलीत झाडू कुणाच्या हातात? 'अदब' म्हणजे मुलीनं गप्प बसणं, असं कुणी ठरवलं तर? हे बोलायला त्या आयाच हव्यात. आम्ही त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. गेल्या महिन्यात बोलावलं. झाडूवरच दोन तास भांडण झालं.