हरित रोखे : व्याज आपल्याला, भार कोणावर?



पर्यावरणपूरक कामासाठी रोखे विकून घेतलेले कर्ज म्हणजे हरित रोखे. रोखा घेणारा पैसे उसने देतो आणि संस्था व्याजासह ते फेडते. ही फेड कोणाच्या पैशातून होते, ते आज पाहू.

इंदूरचे उदाहरण घ्या. या शहराला सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून नर्मदेचे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते. त्यासाठी विजेचे मोठे बिल येते. ते कमी व्हावे म्हणून तिथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प ठरला. त्यासाठी इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये रोखे विकून २४४ कोटी रुपये उभारले. सामान्य गुंतवणूकदारालाही ते घेता आले. व्याजदर ८.२५ टक्के असून व्याज दर सहा महिन्यांनी मिळते. १,००० रुपयांच्या रोख्याचे २५० रुपयांचे चार भाग असून ते ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत मिळतात.

समजा, आपण १० रोखे घेतले. १०,००० रुपयांवर वर्षाला ८२५ रुपये व्याज मिळेल. तीन वर्षांनी २,५०० रुपये परत येतील. त्यानंतर व्याज उरलेल्या ७,५०० रुपयांवरच, म्हणजे वर्षाला सुमारे ६१९ रुपये मिळेल.

आता पालिकेची बाजू पाहू. २४४ कोटींवर सुरुवातीला वर्षाला सुमारे २० कोटी रुपये व्याज द्यावे लागते. पालिकेचा पैसा म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान. वीजबिलातील बचत कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त झाली, तर शहराचा फायदा आहे. काम लांबले, तरी व्याज थांबत नाही. मग एक तर पट्टी वाढते, नाही तर दुसरे एखादे काम मागे पडते. ज्याने एकही रोखा घेतला नाही, त्या रहिवाशालाही ही झळ बसते.

म्हणून असे रोखे घेण्यापूर्वी माहितीपत्रकात एवढे पाहा :

१. पैसा नेमका कशासाठी वापरणार? काम कधी पूर्ण होणार?
२. परतफेड कोणत्या उत्पन्नातून होणार? ते उत्पन्न वेगळ्या खात्यात राखून ठेवले आहे का?
३. पतमानांकन काय आहे?
४. मुदतीआधी पैसे लागले तर? रोखे शेअर बाजारात विकता येतात, पण हवा तेव्हा आणि हव्या भावाला गाहक मिळेलच असे नाही.

लक्षात ठेवा, ही बँकेतली ठेव नव्हे. बँक ठेवींना असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण इथे नाही. अडीअडचणीसाठीचा पैसा यात गुंतवू नका. इंदूरच्या रोख्यांचे व्याज करपात्र आहे. ‘हरित’ हा शब्द पैसा कशासाठी ते सांगतो, तो सुरक्षित आहे की नाही ते सांगत नाही.

आपल्या शहराने असे रोखे काढले, तर रहिवासी म्हणूनही विचारा : बचत किती झाली आणि हप्ता किती गेला? हे दोन आकडे पालिकेच्या अर्थसंकल्पात शेजारी शेजारी मागणे हा आपला हक्क आहे.