मापाची रॅम

मी कर्जतहून, बचत गटांची समन्वयक बोलतेय.

आमच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. सगळ्या गटांच्या बचतीच्या आणि कर्जाच्या नोंदी त्याच्यावरच. गेल्या मार्चअखेरीला तो इतका रेंगाळायला लागला, की फाईल उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. एक दुकानदार म्हणाले, "ताई, नवाच घ्या." म्हणजे गटाच्या पैशातून २५-३० हजार! दुसऱ्यांनी सांगितलं, "आधी रॅम वाढवून बघा."

रॅम म्हणजे काय? संगणकात धान्याची कणगी असते, ती हार्ड डिस्क. तिथे नोंदी कायम राहतात. आणि पीठ मळायची परात असते, ती रॅम. काम चालू असतं ते परातीत. परात लहान असली की थोडं थोडं मळावं लागतं, म्हणून वेळ लागतो. आणि लाईट गेली की परात रिकामी! म्हणून तर सेव्ह न केलेली नोंद जाते.

मी फोनवरच ४ जीबी रॅम सांगितली, आणली, तर ती बसेना. मी दाबायला लागले, तशा आमच्या सचिवताई म्हणाल्या, "अगं, बांगडी लहान पडली म्हणून हात मोडतात का?" त्यांचं बरोबर होतं. आमचा संगणक डीडीआर ३ चा आणि मी आणली होती डीडीआर ४.

मैत्रिणींनो, या पट्ट्यांच्या पिढ्या असतात. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, त्या काळात एसडी रॅमचे संगणक खूप होते. तिला १६८ पिना. मग डीडीआर आली, १८४ पिनांची. डीडीआर २ आणि डीडीआर ३, दोघींना २४० पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. डीडीआर ४ ला २८८. प्रत्येकीला लागणारी वीजही कमी-जास्त. एकीच्या जागी दुसरी चालत नाही, म्हणून तर खाच मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. लॅपटॉपची पट्टी तर आखूडच असते.

म्हणून शिंप्याकडे जाताना मापाचा ब्लाउज नेतो ना, तशी दुकानात जुनी पट्टी घेऊन जा. तिच्या चिठ्ठीवर पीसी २ असेल तर डीडीआर २, पीसी ३ असेल तर डीडीआर ३. काढण्याआधी संगणक बंद करा, वायर बोर्डातून काढा, लोखंडी डब्याला हात लावा. पट्टी कडेला धरा, पिनांना बोट लावू नका. आपल्या विंडोजला किती रॅम वापरता येते तेही दुकानात विचारा. ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढे उपयोग नाही.

संगणक नुसताच पी-पी वाजतोय आणि पडदा काळा? घाबरू नका. बऱ्याचदा पट्टी ढिली झालेली असते. काढून पिना खोडरबराने हलक्या पुसा, चुरा झटका आणि पट्टी पुन्हा नीट बसवा.

आम्हाला जुनी वापरलेली डीडीआर ३ पट्टी हजाराच्या आत मिळाली. मार्चचा हिशेब त्याच संगणकावर पूर्ण झाला. सगळेच जुने संगणक असे सुधारतील असं नाही. कधी हार्ड डिस्कच थकलेली असते. पण नवा घ्यायचा ठराव लिहिण्याआधी डबा एकदा उघडून बघा. पैसा आपल्या बायकांच्या घामाचा आहे.