पेट्रोल वाचविणारी डबी



पेट्रोलचा भाव चढू लागला, की बाजारात एक विशेष प्रकारचा माल अवतरतो. कोणी पेट्रोलच्या नळीवर बसवावयाचे लोहचुंबक विकतो, कोणी टाकीत सोडावयाच्या गोळ्या. तर कोणी सुकाणूखाली, एंजिनाचे दोष तपासण्यासाठी जी खाच असते, तीत खोचावयाची दिव्यांची डबी. आश्वासन सर्वांचे एकच: इंधनाचा खर्च वीस-तीस टक्क्यांनी उतरेल. टॅक्सीवर प्रपंच चालविणाऱ्या गृहस्थाला असल्या बोलण्याचा मोह पडावा, यात नवल नाही.

तथापि पैसे मोजण्यापूर्वी त्याने विचारावे, की ही बचत होणार कशातून? विक्रेता म्हणतो, एंजिनात पुष्कळ पेट्रोल न जळताच वाया जाते. वस्तुस्थिती तशी नाही. सुस्थितीतील आधुनिक एंजिनात जवळजवळ सर्व पेट्रोल जळते. मोठा व्यय होतो तो उष्णतेचा. ती धुराच्या नळीवाटे व रेडिएटरवाटे निघून जाते, आणि चुंबकाने किंवा गोळीने अडविली जात नाही. पाण्यापासून हायड्रोजन काढून एंजिनास पुरविणारी उपकरणेही विकली जातात. परंतु त्यांना लागणारी वीज एंजिनच निर्माण करते, आणि परत मिळते ते दिल्यापेक्षा कमीच. खाचेत खोचावयाच्या कित्येक स्वस्त डब्या उघडून पाहता लुकलुकणाऱ्या दिव्यांखेरीज उपयोगाचे असे काही आढळलेले नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभरावर साधने पारखली. त्यांतील एकानेही इंधनाची लक्षणीय बचत केल्याचे दिसले नाही.

मग ‘आमचा खर्च खरोखर उतरला’ असे सांगणारे लोक असत्य बोलतात काय? बहुधा नाही. डबी बसविली, की मनुष्य पेट्रोलचा हिशेब ठेवू लागतो, वेग आवरतो, चाकांतील हवा पाहतो. बचत होते ती या दक्षतेमुळे. श्रेय मात्र डबीला मिळते. मग हाच प्रामाणिक मनुष्य शेजाऱ्यापाशी तिची शिफारस करतो. विक्रेत्याला याहून चांगली जाहिरात कोणती मिळणार?

खरी परीक्षा करावयाची, तर रस्ता, ओझे व वेग तेच ठेवून, डबीसह व डबीविना अनेक फेऱ्या कराव्या लागतात. आणि ती जोडलेली आहे की नाही, हे चालकास कळू देता येत नाही. अशा परीक्षेचे आकडे विक्रेत्याजवळ मागावे. ते नसतील तर पैसे खिशातच राहू द्यावे.

काटकसरीचे खरे उपाय साधे आहेत. १९७८ साली स्थापन झालेला पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ सांगतो, की वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर ठेवावा, चाकांत योग्य हवा भरावी, आणि सिग्नलपाशी थांबताना एंजिन बंद करावे. डबीवाचून जी बचत होऊ शकते, तिच्यासाठी डबी विकत घेण्याचे कारण नाही.