शाफ्टला साजेसं फ्लँज बेअरिंग

कन्व्हेयरचा शाफ्ट यंत्राच्या उभ्या पत्र्यातून आरपार जातो, तिथे फ्लँज बेअरिंग लागतं. बरेच जण दुकानात फक्त शाफ्टची जाडी सांगून ते घेऊन येतात. तेवढं पुरत नाही.

जाडीचा हिशेब सोपा आहे. बेअरिंगच्या यूसीएफ 205 अशा क्रमांकातल्या 05 ला पाचने गुणा, 25 मिलिमीटरचं भोक मिळतं. 04 पासून पुढे हाच नियम. यूसीएफला चार बोल्ट, यूसीएफएलला दोन. जागा अरुंद आणि भार हलका असेल तर दोन बोल्टचं चालतं. पट्ट्याचा ताण मोठा असेल तर चारचंच घ्या.

खरी गफलत बसवताना होते. बेअरिंगचं बिडाचं घर ठिसूळ असतं. वाकड्या पत्र्यावर बोल्ट आवळले की त्याला तडा जातो. बसवतानाचा दोनेक अंशांचा तिरकेपणा आतलं बेअरिंग सांभाळून घेतं, पण वाकलेला शाफ्ट त्याला झेपत नाही. यंत्र दोन्ही दिशांनी फिरणार असेल तर शाफ्टवर एक्सेंट्रिक कॉलरने पक्कं होणारं बेअरिंग नको, ग्रब स्क्रूचं घ्या. आणि ग्रीसचं निप्पल हात पोचेल अशा बाजूला हवं, नाहीतर बेअरिंग कोरडं पडतं. बोल्ट आवळण्याआधी एवढं जरूर पाहून घ्या.