गाडीतला नवा टेप

आज लोणच्याचं नाही, कर्जाच्या हप्त्याचं नाही, गाडीच्या टेपचं बोलायचंय. हसू नका. या टेपनं आमचा एक शनिवार बुडवला, आणि शनिवार म्हणजे आपल्याकडं काष्टीचा बाजार.

आमच्या गटानं बचतीतून आणि थोड्या कर्जातून एक जुनी व्हॅन घेतलीय. लिंबं, लोणचं, पापड न्यायला. आमच्यातल्या दोघी चालवायला शिकल्या. माल भरला की मागचं काही दिसायचं नाही, गाडी मागं घ्यायची म्हणजे एकीनं खाली उतरून ओरडायचं. म्हणून टच स्क्रीनचा टेप बसवायचं ठरवलं. मागं कॅमेरा लागतो, रस्ता दिसतो, आणि आपला रेडिओ ऐकता येतो. घरच्यांनी "ही चैन कशाला" म्हटलंच. म्हणू दे.

बुधवारी संध्याकाळी गाडी दुकानात लावली आणि आम्ही चहाला गेलो. तिथंच चुकलो. परत आलो तर स्क्रीन झगमगत होती, सगळ्या खूश. पुढचे दोन दिवस गाडी दारातच होती. शनिवारी पहाटे माल भरला, किल्ली फिरवली, तर नुसतं टक् टक्. धक्का मारून पाहिला. बॅटरी इतकी उतरली होती की काही उपयोग झाला नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत दहा वाजले आणि बाजारातली नेहमीची जागा गेली.

गावात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बघणारे एक मामा आहेत. त्यांनी टेप ओढून बाहेर काढला. मागं लाल आणि पिवळी तार एकत्र पिळून वर चिकटपट्टी मारलेली. मामांनी समजावलं ते असं. पिवळी तार थेट बॅटरीवरची. गाडी बंद असतानाही तिच्यात वीज असते, कारण टेपला घड्याळ आणि लावलेली स्टेशनं लक्षात ठेवायची असतात. त्याला अगदी थोडी वीज लागते. लाल तार किल्लीवरची. किल्ली काढली की तिची वीज गेली पाहिजे, तेव्हाच टेप झोपतो. दोन्ही एकत्र बांधल्या की टेपला वाटतं किल्ली लावलेलीच आहे. पडदा काळा दिसला तरी आत तो जागाच.

मामांनी बॅटरी चार्ज करून मीटर लावला. गाडी बंद, किल्ली हातात, तरी अर्धा अँपिअर वीज जात होती. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. अर्ध्या अँपिअरनं ती ७० तासांत पूर्ण रिकामी होते, आणि स्टार्टरला एकदम जोर लागत असल्यानं गाडी त्याच्या आधीच रुसते. बुधवार संध्याकाळ ते शनिवार पहाट, तुम्हीच मोजा. तारा नीट असतील तर गाडी बंद करून थोडा वेळ गेल्यावर हा आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा, म्हणजे आमच्या आकड्याचा दहावा भाग.

रेडिओही खरखरत होता. अँटेनाची पिन टेपमागं लोंबकळतच राहिली होती. काही गाड्यांच्या अँटेनात छोटा बूस्टर असतो, त्याला निळ्या तारेतून वीज द्यावी लागते. ती तार सोडून दिली की मोठी स्टेशनं कशीबशी लागतात आणि आपल्यासारखं बारकं गायब होतं. साताऱ्याकडं म्हसवडला बायकांचं माणदेशी तरंग आहे तसंच आपलंही सामुदायिक केंद्र. अशा केंद्रांना सहसा १०० वॅटपर्यंतच परवानगी असते, आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो.

सोमवारी दुकानात गेलो, पण या वेळी गाडीजवळच उभ्या राहिलो. दुकानदार म्हणाला, "ताई, आत बसा, तुम्हाला यातलं काय कळतंय?" आमची गाडी चालवणारी म्हणाली, "दादा, लाल-पिवळी एकत्र का बांधली तेवढं सांगा." तो गप्प झाला. आधी बॅटरीची मायनस तार काढायला लावली. मग गाडीच्या तारा न कापता कपलर लावायला सांगितला. कपलर म्हणजे एका बाजूला गाडीचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला टेपचा. उद्या टेप काढला तरी गाडीचं वायरिंग शाबूत. पहिल्या वेळी त्यानं दोन तारा कापल्याच होत्या, त्या डाग देऊन जोडून घेतल्या. पिवळ्या तारेवर फ्यूज आहे का तेही पाहिलं. फ्यूज उडाला तर त्या जागी तांब्याची तार कुणालाही घालू देऊ नका, आग लागते.

एका गोष्टीवर आमच्यातच वाद झाला. टेपची एक तार हँडब्रेकला जोडायची असते, म्हणजे गाडी उभी असेल तरच व्हिडिओ दिसतो. त्यानं ती तशीच अर्थ करून ठेवली होती, "गाणी बघता येतील" म्हणून. पोरांना ते फार आवडलं, काही जणींनाही. शेवटी चालवणाऱ्या दोघींचं ऐकलं आणि तार हँडब्रेकला गेली. पोरं अजून फुगलेली आहेत.

घ्यायच्या आधी मापही बघा. जुन्या टेपची खाच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच असते, दुप्पट उंचीची असेल तर १००. सात इंची पडदा दुप्पट खाचेत बसतो. नऊ इंचीला त्याच मॉडेलची फ्रेम लागते, नाहीतर कारागीर डॅशबोर्ड कापायला घेतो.

दुरुस्तीचे पैसे त्यानं घेतले नाहीत, आम्हीही दिले नाहीत. गटाच्या पैशातून एक मीटर घेतलाय, तो हिशोबाच्या पेटीत असतो. कुणाच्या गाडीला टेप बसवायचा असेल तर घेऊन जा. फक्त शुक्रवारी रात्रीपर्यंत परत आणून द्या.