नायगावहून आलेलं पत्र

मी कराडशेजारच्या मलकापुरातून बोलतेय.

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एकीकडं बारसं होतं. पाळण्याभोवती सगळ्या जमल्या, ओट्या भरल्या. एकजण मात्र स्वयंपाकघरातच भांडी आवरत राहिली. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. तिला "येऊ नको" असं कुणी म्हणालं नाही, पण "ये" असंही कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. गटाची वही मी सांभाळते, कुणाचा दहा रुपयांचा हप्ता राहिला तरी माझ्या ध्यानात असतो. ही बाई मागं राहिली, ते घरी आल्यावर ध्यानात आलं.

त्या रात्री सावित्रीबाई फुल्यांची पत्रं काढली. बी.ए.ला वाचली होती, परीक्षेपुरती. शिरवळजवळचं नायगाव, आपल्याच जिल्ह्यातलं, त्यांचं माहेर. १८६८ च्या ऑगस्टमध्ये तिथूनच त्यांनी जोतीरावांना लिहिलंय. गणेश नावाचा ब्राह्मण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. त्याचं आणि महार समाजातल्या शारजाचं प्रेम जुळलं. शारजा सहा महिन्यांची गरोदर राहिली. हे कळताच लोकांनी दोघांना मारत गावातून फिरवलं, जीवच घ्यायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली, दोघांना सोडवलं आणि पुण्याला जोतीरावांकडं पाठवून दिलं.

तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. स्वतःचं मूल नव्हतं. 'वांझ' हा शब्द त्यांच्या कानावर आला नसेल, असं मला नाही वाटत. शारजाच्या पोटातल्या लेकरासाठी मात्र त्याच उभ्या राहिल्या. त्याआधी १८६३ मध्येच फुले दांपत्यानं, अडचणीत सापडलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून पुण्यात घर उघडलं होतं. पुढं काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली, त्यातच सावित्रीबाई गेल्या. आता आई कुणाला म्हणायचं?

परवा मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "शुक्रवारी माझ्या भाचीचं बारसं आहे. पाळणा तू म्हणायचास."

ती म्हणाली, "ताई, सासूबाई काय म्हणतील?"

"तुझ्या का माझ्या?"

हसली. अजून हो म्हणालेली नाही.