शाळा कोणाची?



महाविद्यालयात मी मराठी साहित्य शिकवते. आज मात्र पहिलीच्या वर्गाविषयी बोलणार आहे. तो वर्गच उरला नाही, तर आमच्या साहित्याला वाचक कुठून मिळणार?

पेडणे तालुक्यातील एका वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत मी शिकले. गेल्या जूनमध्ये तिथे गेले होते. एकच शिक्षिका, चारही इयत्ता एका खोलीत आणि पटावर बोटांवर मोजण्याइतकी मुले. त्यांत वाड्यावरची दोनच. बाकीच्यांचे आईवडील कर्नाटकातून, बिहारमधून, ओडिशातून आलेले. कोणी बांधकामावर, कोणी काजूच्या बागायतीत राखणदार. डिचोलीत, औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या शाळांतही अशी मुले मी पाहिली आहेत.

बाहेर पडताना ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, ''बाई, आता ही शाळा आमची कुठे राहिली?'' मी गप्प राहिले. कारण त्यांची नातवंडे इंग्रजी माध्यमात जातात आणि माझी मुलगीही तिथेच शिकली. तिला शाळेत सोडून मी मराठीच्या भवितव्यावरील चर्चासत्रांना जात असे. शाळा परक्यांची झाली असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. आपण सोडलेल्या बाकांवर ती मुले बसली, म्हणून शाळेचे दार उघडे आहे.

आणि ही शाळा 'आमची' होती, म्हणजे नेमके काय होते? १९६३च्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादींत कित्येक घरांतली पहिली अक्षरे त्या शाळांनी दिली. पण आम्ही घरी पेडण्याची कोकणी बोलत होतो. मराठी कानावर होती ती भजनातून, आरतीतून, दशावतारी काल्यातून. शाळेची मराठी आम्हीही उंबरठा ओलांडूनच शिकलो. आज कन्नड बोलणारे मूल जिथे उभे आहे, त्याच्या जवळपासच कुठेतरी मी उभी होते. फरक एवढाच की माझ्यासाठी गावात भजन होते. त्याच्यासाठी शाळेखेरीज काही नाही.

मलेशियात सुमारे १३०० चिनी प्राथमिक शाळा आहेत. अनेक चिनी घरांत हक्का, होक्कियन, कँटोनीज अशा बोली बोलल्या जात. शाळेची भाषा मात्र मँडरिन. पुढे तरुण कुटुंबे शहरांत गेली, जन्मदर घटला आणि खेड्यांतले पट रोडावले. आज तिथल्या कितीतरी शाळांत मलय आणि भारतीय वंशाची मुले मँडरिन शिकतात, काही ठिकाणी तर बहुसंख्येने. त्या शाळांनाही 'ही शाळा कोणाची' हा प्रश्न चुकलेला नाही. पण भाषा रक्ताने नव्हे, शाळेने वाढते, एवढे त्यांच्याकडे पाहून कळते.

त्यासाठी शिकवण्याची रीत मात्र बदलावी लागेल. आपले पाठ्यपुस्तक गृहीत धरते की मुलाला मराठी समजते, फक्त वाचता येत नाही. त्या वर्गात मी तासभर बसले. हिंदी बोलणारा मुलगा 'शाला' म्हणत होता. शेजारच्या कन्नड मुलीचा 'ळ' अगदी स्वच्छ, कारण तो तिच्या भाषेत आहे. पण ती 'ते खुर्ची' म्हणाली. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. ही चूक मंदपणाची नव्हे. एका व्याकरणातून दुसऱ्यात जाताना लागलेली ठेच आहे. शिक्षिकेला हे ओळखता यावे, असे प्रशिक्षण आपण तिला दिले आहे का?

अकादमीकडे माझे मागणे मोठे नाही. घरी मराठी नसलेल्या मुलांसाठी चित्रांचे, संभाषणाचे एक प्रवेशपुस्तक काढावे. एकशिक्षकी शाळांतील शिक्षकांसाठी दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवण्याचे वर्ग घ्यावेत. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस त्या शाळेत गोष्टी सांगायला जावे. माझ्यापासून सुरुवात केली आहे. दर शनिवारी मी जाते.

मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. हिंदीत दोन्हींना 'हम', कन्नडात दोन्हींना 'नावु'. म्हणून हा भेद त्या मुलांना अवघड जातो. मागच्या शनिवारी त्याच कन्नड मुलीने मला फाटकाशी गाठले आणि विचारले, ''बाई, आपली शाळा बंद होणार?''

तिने 'आमची' म्हटले नाही, 'आपली' म्हटले. व्याकरण तिला नीट कळले होते की नाही, कोण जाणे. उत्तर मात्र तिला एकट्या माझ्याकडून मिळणार नाही. ते आपण सर्वांनी द्यायचे आहे.